‘प्रीपोन’ हा शब्द खरोखरच चुकीचा आहे का?

मुळीच नाही. आपल्या वरिष्ठांनी पत्रातील ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा शब्द खोडून ‘असा शब्दच इंग्रजीत नाही’ असे सांगितले, असे आपण लिहिले आहे. त्यांचे म्हणणे निराधार आहे. ‘पोस्टपोन’मधील ‘पोन’ हा लॅटिन ‘पोनेरे’, म्हणजे ठेवणे, या क्रियापदातून आला. त्याला ‘नंतर’ऐवजी ‘आधी’ दाखवणारा उपसर्ग लावला, इतकेच. ‘समोर ठेवणे’ या अर्थाने हा शब्द सोळाव्या शतकातील इंग्रजीत सापडतो, आणि आजच्या अर्थाने तो १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समधील एका वाचकपत्रात ‘पोस्टपोन’चा जोडीदार म्हणून सुचवला गेला होता. रुळला मात्र तो आपल्याकडे.

ठाण्यातील आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी बोलावलेली सभा, कंत्राटदाराच्या सोयीसाठी, अकराऐवजी नऊ वाजता घ्यायचे ठरले. सूचनेचा मसुदा मी केला होता. तत्कालीन सचिवांनी ‘प्रीपोन’वर लाल रेघ ओढली, ‘हे अडाण्यांचे इंग्रजी आहे’ असे चारचौघांत सुनावले, आणि सभा दोन तास ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाल्याचा कागद फलकावर लावला. नवी वेळ लिहावी, ही माझी सूचनाही त्यांनी धुडकावली. आता, ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, आणि सभा पुढे गेली म्हणजे लांबली, असेच मराठी माणूस समजणार. बरीच मंडळी जेवणे उरकून एक वाजता खाली उतरली, तेव्हा गणसंख्येअभावी सभा केव्हाच तहकूब झाली होती आणि कंत्राटदार निघून गेला होता. गुडघे दुखणाऱ्या आमच्या शेजारच्या आजी त्यानंतरही कित्येक दिवस कठडा धरून, प्रत्येक मजल्यावर थांबत जिना चढत होत्या. सचिवांनी दोष दिला तो रहिवाशांच्या इंग्रजीला. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण ‘प्रीपोन’ लिहिले असते तर एकाही रहिवाशाचा गोंधळ झाला नसता.

ब्रिटन-अमेरिकेतील ग्राहकाला लिहिताना मात्र हा शब्द टाळावा, कारण तिकडे तो अनेकांना अपरिचित आहे. तेथे ‘ब्रिंग फॉरवर्ड’ किंवा ‘मूव्ह अप’ चालते. कोणताही शब्द वापरला तरी नवी वेळ आकड्यांत लिहावीच. आपल्याकडच्या पत्रात ‘प्रीपोन’ निःशंक लिहा, आणि पुन्हा कोणी रेघ ओढली, तर ऑक्सफर्डच्या कोशातील त्याची नोंद उघडून समोर ठेवा.