विकार नव्हे विकर, आणि खरं तर वितंचक

फोंड्याची एक एम.एस्सी. करणारी मुलगी विचारतेय, खाजनातल्या, म्हणजे गोव्याच्या खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतजमिनीतल्या, चिखलातल्या गंधक-जीवाणूंमधून तिने रोडानीज नावाचं एन्झाइम, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारं प्रथिन, वेगळं केलंय, त्यावर मराठीत लेख लिहायचाय तर प्युरिफिकेशन आणि कॅरॅक्टरायझेशनला काय म्हणायचं. तिने लिहिलंय ‘विकाराचे शुद्धिकरण व चारित्र्यीकरण’.

बाय, आधी तो विकार काढ. विकार म्हणजे आजार, एन्झाइम म्हणजे विकर. एका विज्ञान प्रदर्शनात ‘लाळेतील विकारामुळे अन्न पचते’ असा तक्ता मी स्वतः वाचलाय, भाषणांत तर कायम ऐकतो, आणि दरवेळी जीव तुटतो. शुद्धीकरणात ‘द्धी’ दीर्घ, तो विषय संपला.

पण चूक फक्त पोरांची नाही. एका कान्याने आजार होईल असा शब्द परिभाषेत आणलाच कशाला, जुन्या पुस्तकांत वितंचक होता की! आता हा शब्द बघ. संस्कृत धातू तञ्च्, म्हणजे साकळणं, घट्ट होणं. आतंचन म्हणजे दुधाला लावायचं विरजण. त्याच धातूचं तक्र, आणि तक्राचं आपलं ताक! म्हणजे वितंचक आणि ताक एका घरातले. आणि एन्झाइम? विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात तो घडवला, ग्रीक एन म्हणजे आत आणि झाइम म्हणजे पीठ आंबवणारं खमीर, आपण गोंयकार सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या पदार्थाच्या, पिठात सूर म्हणजे माडी घालतो तेच काम. त्यांनी खमिरावरून नाव ठेवलं, आपण विरजणावरून. वितंचक ज्याने घडवला त्याच्या डोळ्यांसमोर विरजणाची वाटीच असणार, यावर मी ठाम आहे.

वितंचक तोंडात बसत नाही म्हणणारे परिभाषावाले भेटतात. प्रकाशसंश्लेषण बसलं ना पाचवी-सहावीच्या पोरांच्या तोंडात? मग हे का नाही बसणार.

आणि तुझ्या प्रयोगातच बघ ना, बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये अमोनियम सल्फेट चिमटी चिमटीने टाकत ढवळत जातेस, आधी काही नाही, मग द्रावण दुधाळ होतं आणि प्रथिनं साकळून खाली बसतात. तञ्च् तो हाच! पुढे डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून, ते अमोनियम सल्फेट काढायचं, प्रथिनं वेगवेगळी करणाऱ्या कॉलममधून, म्हणजे भरलेल्या नळीतून, सोडायचं, शेवटी प्रथिनांचे पट्टे दाखवणाऱ्या जेलवर एकच पट्टा दिसला की शुद्ध झालं.

हां, कॅरॅक्टरायझेशन राहिलं. चारित्र्य माणसाचं असतं, इथे गुणधर्मनिश्चिती लिही. रोडानीज थायोसल्फेटातला गंधक सायनाइडला देतं, थायोसायनेट तयार होतं, त्यात लोहाचा क्षार पडला की लालभडक रंग येतो, तर किती तापमानाला आणि किती पीएचला (आम्लतेच्या मापाला) तो सगळ्यात गडद येतो, रेणूभार किती, कशाने काम थांबतं, एवढं सगळं त्या एका शब्दात आलं.