बांधावरच्या पिवळ्या फुलांत आपली पाथरी कोणती आणि बाहेरून आलेली एकदांडी कोणती?

पान तोडा: पांढरा चीक आला तर पाथरी, नाही आला तर एकदांडी. पाथरी इथलीच, जिरायती रानात, हरभऱ्याच्या सरीत जमिनीला चिकटून पानांचा चक्राकार झुबका करते. मराठवाड्यात ती भाकरीबरोबर कच्चीही खातात, म्हणून ही ओळख पक्की हवी. एकदांडी (कुठे दगडीपाला, कुठे कंबरमोडी) उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आलेली. फूल जवळून बघा. एकदांडीत मधे गडद पिवळी गोल चकती, तिच्याभोवती फिकट, टोकाला तीन दाते असलेल्या पाचेक पाकळ्या, आणि हे सगळं एका लांब, केसाळ, बिनपानाच्या दांड्यावर. खाली खरखरीत पानं समोरासमोर. पाथरीत चकती नसतेच. पूर्ण फूल पाकळ्यांचंच, टोकाला पाच बारीक दाते.

फक्त चिकावर मात्र विसंबू नका. सॉन्चस नावाचं युरोपाकडचं तणही चीक सोडतं, फूलही तसंच पिवळं. पण ते सरळ उभं वाढतं, खोड पोकळ असतं आणि पानांचा बुडखा खोडाला मिठी मारतो. पाथरीची जवळजवळ सगळी पानं मुळाशीच असतात. भाजीसाठी खुडताना आधी हेच बघा.