गेमछाप कथेतल्या ‘एबिलिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गेमसारख्या जगावर कथा लिहायला घेतलीय, प्रत्येक पात्राला स्वतःची एकेक खास एबिलिटी आहे, लेव्हल आहे, कूलडाउन (एकदा वापरल्यावर पुन्हा वापरेपर्यंतची सक्तीची विश्रांती) आहे, सगळं ठरलंय पण एबिलिटीला शब्दच मिळत नाहीये. ‘क्षमता’ सरकारी वाटतो, ‘शक्ती’ लिहिलं की पौराणिक मालिका सुरू होते आणि ‘सिद्धी’ म्हटलं की दाढीवाले बाबा दिसायला लागतात.

क्षमताबद्दल शंभर टक्के सहमत. धरणाची साठवणक्षमता, बसची आसनक्षमता, तिथेच तो शब्द शोभतो. ‘त्याची क्षमता आग ओकण्याची होती’ हे वाक्य वाचून मला तरी बॉयलर आठवला.

पण मुळात सगळ्यांसाठी एकच शब्द का हवाय? इंग्रजीत एबिलिटी हा रिकामा डबा आहे, त्यात काहीही बसतं, आणि गेममध्येही तो एकाच अर्थाने येत नाही, डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ताकद, चपळाई, बुद्धी अशा सहा मूळ गुणांना एबिलिटी म्हणतात तर बाकी बऱ्याच गेममध्ये बटण दाबल्यावर जे घडतं त्याला. मराठी शब्दांचं तसं नाहीये, ते पॉवर कुठून आली तेही बरोबर सांगून टाकतात. विद्या म्हटली की कोणीतरी शिकवलेली, म्हणजे गुरू आला, आणि गुरू आला की शापाची सोय झाली (कर्णाचं आठवा, परशुरामाकडून अस्त्रविद्या मिळाली आणि ऐन वेळी ती आठवणार नाही हा शापही त्याच दारातून मिळाला). वर म्हटला की कोणीतरी दिलेला, मग देणाऱ्याच्या अटी आल्या. सिद्धी साधनेने मिळवायची. कसब हा मूळ अरबी शब्द, तिकडे त्याचा अर्थ कमाई, म्हणून तो घासून घासून हातात बसलेल्या गोष्टीलाच शोभतो. करामतही अरबीच, तिकडे संतांचा चमत्कार, आपल्याकडे येऊन थोडी खट्याळ झाली, त्यामुळे चोर किंवा बहुरूपी पात्राला एकदम फिट.

आणि ‘पॉवर आली कुठून’ याची तयार यादीच हवी असेल तर पतंजलीच्या योगसूत्रात चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र बघा: सिद्धी पाच वाटांनी येतात, जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. पाच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आयते मिळाले की! जन्माने आलेली ती उपजत, तिला ‘अंगचा गुण’ म्हणा, गेमवाले जिला पॅसिव्ह म्हणतात ती हीच. कर्णाची कवचकुंडलं म्हणजे पॅसिव्हचा अगदी नमुना, काही करावं लागत नाही, अंगावर आहेतच, काढून दिली तरच जातात. उलट इंद्राने बदल्यात दिलेली वासवी शक्ती एकदाच वापरता येणार होती आणि ती घटोत्कचावर खर्च झाली. (इथे शक्ती म्हणजे पॉवर नाही हं, भाल्यासारखं एक शस्त्र. तुमच्या कथेत एखादा भालाईत असेल तर हा जुना अर्थ वापरून मजा करता येईल.)

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मराठीत एबिलिटी सांगायला नाम लागतच नाही, क्रियापदच ते काम करतं. समजा तुमची एक मुलगी आहे जी आजूबाजूचा आवाज बंद करते. ‘तिच्याकडे आवाज थांबवण्याची क्षमता होती’ हे मेलेलं वाक्य आहे. ‘तिला आवाज बांधता येतो’ म्हणा, झालं, पोहता येतं, शिवता येतं तसंच हे, म्हणजे तंत्र माहितीय, अवगत आहे. आणि लढून लढून ती थकली की? ‘तिच्याच्यानं आता आवाज बांधवत नाही.’ हे आपलं शाळेतलं शक्य क्रियापद, चालवत नाही, बघवत नाही वालं. येतं सगळं, पण शरीर किंवा मन साथ देत नाही. स्किल आहे पण माना (गेममध्ये पॉवर वापरताना खर्च होणारी ऊर्जा) संपलाय हा सगळा मामला दोन क्रियापदांत बसला! ‘ती आवाज बांधू शकते’ हे तिसरं, त्यात नुसती शक्यता, शिकलीय का थकलीय काही कळत नाही, आणि हल्ली सगळीकडे तेच शकते-शकतो वापरून आपण ही छान सोय घालवतोय, असो, तो माझा जुना राग आहे.

कूलडाउनला ‘दम’. दम लागतो, दम खावा लागतो, दम धरावा लागतो. ‘थांब, अजून दम खातेय’ असं ती लढाईत म्हणाली तर वाचकाला वेगळं समजवावं लागणार नाही. सोडलेली पॉवर परत घेण्यालाही शब्द आहे, उपसंहार. आपल्याला तो निबंधाच्या शेवटी भेटतो पण अस्त्र मागे घेणं हाही त्याचा अर्थ, अर्जुनाला ते जमलं, अश्वत्थाम्याला नाही जमलं आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला. एखाद्या पात्राला प्रयोग येतो पण उपसंहार येत नाही, एवढं ठरवलंत तरी पुढची दहा प्रकरणं निघतील.

राहिला प्रश्न गेमच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या अक्षरांचा. पात्रासमोर हवेत जी पाटी उमटते तिच्यावर खुशाल लेव्हल, स्किल, कूलडाउन लिहा, तिथे ‘पातळी उन्नयन’ वगैरे केलंत तर हसूच येईल. पाटीवरची भाषा वेगळी आणि पात्राच्या तोंडची वेगळी असूदे. पाटीवर ‘स्किल: सायलेन्स, लेव्हल ३’ आणि तिच्या गावची म्हातारी म्हणतेय, ‘पोरीला आवाज बांधायची विद्या आहे, तिच्यासमोर जपून बोल, बोललेलं परत मिळायचं नाही.’