व्हिडिओ बंद केला की हात थांबतात

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातली. वय २३. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली. वर्षभर घरी बसून ऑनलाइन वेब डेव्हलपमेंट शिकतेय. चार कोर्स पूर्ण केले, प्रमाणपत्रंही मिळाली. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण तो बंद करून नवी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. आता एक क्लासवाले म्हणतात, ४५ हजार भरा, सहा महिन्यांत नोकरीची हमी. केळीचे पैसे आले की अण्णा भरायला तयार आहेत. भरू का? मुलाखतीत इंग्रजी बोलायचीही भीती वाटते.
– एक वाचक

उत्तर : पैशांचं आधी सांगते, कारण अण्णांनी वर्षभर जपलेल्या बागेचे ते पैसे आहेत. आत्ता भरू नकोस. ‘हमी’ म्हणजे काय, हे त्यांच्याकडून लेखी माग: कोणत्या कंपनीत, किती पगारावर, आणि नोकरी नाही लागली तर पैसे किती दिवसांत परत. मागच्या तुकडीतल्या दोन मुलींचे नंबर माग आणि त्यांच्याशी स्वतः बोल. माझ्या चुलतभावाने हे काहीच विचारलं नव्हतं. त्याच्या क्लासची हमी म्हणजे शेवटी ‘तीन मुलाखतींना पाठवू’ एवढीच निघाली. तिथे शिकवतात ते एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रूप), जावास्क्रिप्ट (त्याची हालचाल आणि हिशेब) तुला फुकट मिळतं. फ्रीकोडकॅम्प हे संकेतस्थळ २०१४ पासून पैसे न घेता शिकवतंय. मोझिलाचं एमडीएन हे संदर्भाचं संकेतस्थळ तर लेखी आहे, त्यामुळे डेटाही कमी जातो, आणि नोकरीत असलेली माणसंसुद्धा रोज तेच उघडून बसतात. मीही.

आता खरं दुखणं. व्हिडिओत प्रत्येक निर्णय शिकवणारा घेतो. पानावर खोकं कुठे ठेवायचं, त्याला नाव काय द्यायचं, आधी काय तपासायचं, सगळं त्याचं ठरलेलं असतं. तू फक्त मान डोलावतेस. नवी फाइल उघडली की ते निर्णय पहिल्यांदा तुझ्यावर येतात आणि तिथे हात थांबतो. तुझी बुद्धी कमी पडते असं अजिबात नाही. ती सवयच अजून लागलेली नाही, आणि पाचवा कोर्स करून ती लागणार नाही.

मला ती कशी लागली ते सांगते. २०१६ साली पारोळ्याला काकांच्या कृषी केंद्रात उधारीची वही होती. बियाणं, खत, औषध, सगळं तिच्यात, आणि बेरीज चुकली की दुकानातच वाद. मी त्यांच्यासाठी एक साधं वेबपान बनवलं: नाव, रक्कम, खाली एकूण बाकी. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. काकांच्या फोनवर उघडलं, त्यांनी त्यांच्या सवयीने मराठी कीबोर्डवरून १२५० लिहिलं, आणि एकूणच्या जागी ‘एनएएन’ अशी तीन इंग्रजी अक्षरं आली. काका म्हणाले, “हाई काय दखाडी राहिनं?” मला सांगता येईना.

दोन दिवस लागले. ती अक्षरं म्हणजे ‘नॉट अ नंबर’, ‘हा आकडा नाही’. जावास्क्रिप्टला आपले देवनागरी अंक आकडे म्हणून कळतच नाहीत, तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. मग शोधत गेले तेव्हा समजलं की युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, देवनागरी शून्याचा २४०६. दोन्हीकडे शून्य ते नऊ ओळीने येतात. म्हणजे प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की त्याच किमतीचा इंग्रजी अंक मिळतो. हे मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नव्हतं. काकांच्या बोटाने शिकवलं.

पुढे नाशिकला एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. प्रमाणपत्रांची फाइल कोणी उघडली नाही. “काय बनवलंय?” एवढंच विचारलं. मी वहीची गोष्ट सांगितली. समोरच्या बाईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, “त्यांनी मध्ये स्वल्पविराम दिला तर? १,२५०?” मी हा विचार केलेला नव्हता. तरी कागद मागून घेतला आणि आधी स्वल्पविराम काढून मग अंक बदलायचे, असं लिहून दाखवलं. नोकरी मिळाली.

आज मी टेबलाच्या पलीकडे बसते. येणाऱ्या दहा मुलांपैकी बहुतेकांकडे तीच कामांची यादी, तोच कॅल्क्युलेटर, रंगसुद्धा व्हिडिओतलेच. ‘ही ओळ इथे का?’ म्हटलं की गप्प. फार वाईट वाटतं, कारण मेहनत त्यांनी खरी घेतलेली असते.

म्हणून तू अण्णांसाठी केळीच्या हिशेबाचं पान कर. व्यापाऱ्याकडून आलेली चिठ्ठी समोर घे. किती क्विंटल, काय भाव, मजुरी किती, भाडं किती, हातात काय आलं. रिअॅक्ट (जावास्क्रिप्टवर बेतलेलं तयार साधन) नको, अजून नको. आधी साधी जावास्क्रिप्ट हातात बसू दे. एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर एकदा लॅपटॉपवर असले की स्वतःचं पान चालवून बघायला नेट लागत नाही, त्यामुळे रेंज गेली तरी काम थांबत नाही. अडलीस तर आधी वीस मिनिटं स्वतः झगड, चूक दाखवणारा लाल मजकूर पूर्ण वाच, मग शोध. एआयला विचारायला हरकत नाही, पण ‘हे का चुकलं ते समजाव’ असं विचार. जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही, ती तुझ्या पानात ठेवू नकोस. काम झालं की गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) शिकून पान गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, टाक. त्याच्याच ‘गिटहब पेजेस’ या सोयीने ते पैसे न देता जगाला दिसतं.

इंग्रजीचं म्हणशील, तर घरात अहिराणी आणि शाळेत मराठी बोललेली मी. सगळं इंग्रजी एकदम येत नाही, आणि तितकं लागतही नाही. पानाबरोबर पाच वाक्यं लिही: हे कोणासाठी केलं, काय बिघडलं, का बिघडलं, कसं सुधारलं, आता काय बाकी आहे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. रोज मोठ्याने वाच. मुलाखतीत बहुतेक वेळा हेच विचारतात, आणि स्वतः सोसलेली गोष्ट सांगताना शब्द अडत नाहीत.

एक मात्र लपवत नाही. पहिली नोकरी सध्या अवघड आहे. अर्ज पुष्कळ, जागा कमी. मोठ्या नावांच्या मागे न लागता नाशिक-पुण्याच्या, जळगावच्याही लहान कंपन्यांना थेट लिही, पत्रात पानाचा दुवा दे. आणि नोकरीसाठी ‘नोंदणी फी’ मागणारा फोन आला तर तो तिथेच ठेव. खरी कंपनी पगार देते, पैसे मागत नाही.

पान तयार झालं की अण्णांच्या फोनवर उघड आणि फोन त्यांच्या हातात दे. कुठे दाबायचं ते सांगू नकोस. ते कुठे थांबतात ते वहीत टिपून मला कळव, दुसऱ्या पत्रात तिथून पुढे बोलू.