डॉक्टर नाही, सिकलसेलवर संशोधन!

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून एका वडिलांचं पत्र आलंय. धाकट्या मुलाला सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, रिपोर्टवर 'एसएस', म्हणजे दोन्ही जीन सदोष. थोरली बारावी सायन्स 78 टक्क्यांनी पास, पण नीटमध्ये नंबर लागला नाही. आता ती म्हणते, याच आजारावर संशोधन करणार. वडील विचारतात, 'त्यात पोट भरतं का? घरात रोज तेच, मग शिक्षणातही तेच कशाला?' आणि शेवटी एक ओळ: 'तिची तपासणी केलेली नाही, पुढे लग्नाला अडचण नको.'

नमस्कार,

'तेच कशाला' हा तुमचा प्रश्न आधी घेतो. तेराएक वर्षांच्या पोरीने भावाला हातपाय धरून रात्रभर विव्हळताना पाहिलं असेल, तर तिला प्रश्न पडणारच. पण कळवळ्यावर पीएच.डी. पूर्ण होत नाही. या कामाचं कुतूहल हवं, आणि इथे ते वाटावं असं खूप आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा जीनमध्ये फक्त एक अक्षर बदलतं, 'ए'च्या जागी 'टी', आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. बदल सगळ्या रुग्णांत तोच, तरी एकाला वर्षातून चारदा दवाखाना आणि दुसरा शाळेत कबड्डी खेळतो. असं का? एक कारण सापडलंय: गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन काहींच्या रक्तात जन्मानंतरही बरंच टिकून राहतं. ते बंद करणारा बीसीएल11ए नावाचा जीन आहे. त्याची कळ रक्तपेशींपुरती मोडून केलेल्या क्रिस्पर (जीन कापून बदलण्याचं तंत्र) उपचाराला 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. किंमत मात्र आपल्यासारख्यांनी विचारू नये अशी.

रोजचं काम एवढं थरारक नसतं, हेही तिला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, प्रत्येकीवर नंबर. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण वाहक (एकच सदोष जीन असलेला) की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. मग डीएनए काढा, त्याच्या प्रती काढायला पीसीआर लावा, फसला तर पुन्हा लावा. अर्धा दिवस एक्सेलमध्ये जातो. एका विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं, 'सर, पहिले सहा महिने मी फक्त लेबलं लिहिली.' ती टिकली.

आता पोटाचं. नीट हा एकच दरवाजा नाही. पुण्याच्या आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत आयएटी या प्रवेश परीक्षेतून पाच वर्षांचा बीएस-एमएस करता येतो. तिने बारावीला गणित घेतलं नसेल तरी बसता येतं, पण पेपरात गणिताचे प्रश्न असतातच. यंदा ती परीक्षा दिली नसेल, तर वर्ष घरी न बसता नागपूरला बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. करू द्या. पुढे एम.एस्सी., मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी. तुमच्या खिशातून होत नाही. मात्र स्वतःच्या पायावर उभं राहायला दहाएक वर्षं लागतील आणि कायम नोकऱ्या मोजक्याच आहेत. हे तिच्यासमोर मोकळेपणाने बोला.

मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था याच कामाची, आणि तिचं केंद्र चंद्रपुरात आहे, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. एकदा चौकशी करून तिला प्रयोगशाळा बघायला मिळते का पाहा.

तपासणी लपवू नका. मुलगा एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही जीन आलाय. मुलगी ठणठणीत असेल, तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. वाहक म्हणजे आजारी नव्हे. लग्नाची अडचण होते ती समोरचाही वाहक असेल तर: प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधी कळलेलं बरं. शिवाय जी मुलगी उद्या गावोगाव लोकांचं रक्त मागणार, तिचंच तपासलेलं नसेल तर लोक तिला काय म्हणतील?

तोवर तिला एक काम द्या. घरातल्या चार पिढ्यांची वंशावळ मोठ्या कागदावर काढायला सांगा: कोण लहानपणी गेलं, कोणाचे सांधे दुखायचे, कोणाची लग्नं नात्यातल्या नात्यात झाली. आत्याबाई बोलायला तयार नसतील, तर त्यांच्याकडून ती कसं काढून घेते तेही बघा. संशोधकाला हेच करावं लागतं.

रिपोर्ट मला कळवायची गरज नाही, तो तिचा. प्रवेश झाला की तेवढं कळवा.