वाचक विचारतात : तोयोओकाचा करकोचा

प्रश्न : जपानच्या तोयोओका शहरात विमानतळाच्या नावात, रेल्वेगाडीवर, तांदळाच्या पिशवीवर एकच पक्षी दिसतो. तो क्रौंच का?

उत्तर : नव्हे, तो करकोचा, जपानीत ‘कोउनोतोरी’. ज्या ह्योगो प्रांतात हे शहर आहे, त्या प्रांताचाही हाच पक्षी. गोंधळ खुद्द जपानातही जुना आहे. पाइनच्या झाडावर बसलेला क्रौंच तिथल्या चित्रांत हमखास भेटतो. पण क्रौंचाचे मागचे बोट आखूड आणि वर असते, त्याला फांदी धरता येत नाही. झाडावर बसलेला दिसला की करकोचाच समजा. चोच काळी (युरोपातल्या भाईबंदाची लाल), पंखांचा पसारा सुमारे 2 मीटर. मोठा झाल्यावर त्याला आवाज जवळजवळ नसतोच. चोच कडकड वाजवून काम भागवतो.

प्रश्न : नामशेष झालेला पक्षी परत आला तो पिंजऱ्यात वाढवून सोडल्यामुळेच ना?

उत्तर : तेवढ्याने भागले नसते. घरट्यांचे पाइन युद्धकाळात तुटले. पुढे पारायुक्त कीटकनाशके आली, आणि भातखाचरे निचऱ्याची करताना पाट खाचरापेक्षा खोल गेले. मासे वर चढेनात. 1965 मध्ये पकडलेल्या पक्ष्यांच्या अंड्यांतून पिल्ले निघाली नाहीत. 1971 मध्ये जपानमधला शेवटचा रानटी करकोचा इथेच मेला. 1985 मध्ये सोव्हिएत संघातल्या खाबारोव्स्कहून 6 तरुण पक्षी आले, तेव्हा 1989 मध्ये पहिले पिल्लू जगले. 24 सप्टेंबर 2005 रोजी 5 पक्षी मोकळे सोडले. पण सोडलेला पक्षी खाणार काय? बेडूक, मासे, टोळ. ते खाचरातच हवेत. खरी मेहनत तिथे झाली : औषध बंद किंवा कमी करून भात पिकवण्याची.

प्रश्न : मग औषध न मारता तण आणि किडींचे काय करतात?

उत्तर : कापणीनंतर हिवाळ्यातच खाचरात पाणी भरून ठेवतात. चिखलात तांबडे बारीक गांडूळ वाढतात; त्यांच्या विष्ठेचा लोण्यासारखा मऊ थर तणाच्या बियांवर बसतो आणि बरेचसे बी उगवतच नाही. लावणीनंतर पाणी 8 सेंटिमीटरच्या आसपास खोल राखतात. यात चूक होते ती सपाटीकरणात : खाचराचा एखादा कोपरा बोटभर उंच राहिला की तो उघडा पडतो, आणि तण तिथूनच सुरू होते.

भाताला फुटवे पुरेसे आले की एरवी जूनमध्येच खाचर सुकवतात. इथे बेडूकमाशांना पाय फुटेपर्यंत, म्हणजे जुलै उजाडेपर्यंत थांबतात. आधी पाणी सोडले तर ते सगळे मरतात. जगलेले बेडूक दाण्यावर काळा डाग पाडणारे ढेकणे खातात, म्हणून हा उशीर निव्वळ पक्षिप्रेम नव्हे. मात्र त्याची किंमत आहे : जमीन ओली राहून कापणीयंत्र रुतते. त्यामुळे शेवटी चर काढून निचरा नीट करावाच लागतो. पाट आणि खाचर यांच्यात माशांसाठी पायऱ्यांची वाटही ठेवतात. काही शेतकरी औषध पूर्ण बंद करतात, काही फक्त कमी. पिशवीवर तसा उल्लेख असतो, तो वाचूनच घ्यावी.

प्रश्न : शहराची ओळख बॅगांसाठीही आहे म्हणे. पक्षी आणि बॅगा यांचा काही संबंध?

उत्तर : आहे, मारुयामा नदीचा. ही नदी खालच्या टप्प्यात इतकी संथ आहे की पाणी चटकन वाहून जात नाही. 2004 च्या वादळात शहर बुडाले ते त्यामुळेच. पण त्याच दलदलीत करकोच्याला चारा आणि कारागिरांना विलोच्या लवचीक फांद्या मिळाल्या. त्या विणून केलेल्या ‘यानागी-गोरी’ पेट्यांतून पुढे बॅगांचा धंदा उभा राहिला. नदीकाठीच गेन्बुदो गुहा आहे. बेसॉल्टला जपानीत ‘गेन्बुगान’ म्हणतात ते 1884 पासून, याच गुहेवरून. 1926 मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ मातुयामा मोतोनोरी यांनी इथल्या दगडातले चुंबकत्व पृथ्वीच्या आजच्या चुंबकत्वाच्या उलट्या दिशेचे असल्याचे दाखवले. पर्यटक मात्र बहुधा गुहेतल्या बेसॉल्टच्या षटकोनी खांबांसमोर फोटो काढून थेट किनोसाकीच्या गरम झऱ्यांकडे पळतात.