प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन बोअर करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) पिस्टनला नव्या रिंग टाकल्या, तरी ऑइल खातंय. आता काय करू?

पुन्हा खोलण्याआधी धूर कधी येतो ते बघा, कारण दोष रिंगचा की व्हॉल्व गाइडचा (व्हॉल्वची दांडी ज्यात सरकते त्या नळीचा) हे त्यावरूनच कळतं. उतारावर पाय उचलून परत अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर सुटला, तर ऑइल झिजलेल्या गाइडमधून उतरतंय. चढावर, लोडवर सतत धूर असेल तर संशय रिंगवर. बोअर करणारे बरेचदा होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासण्याचं शेवटचं काम, घाईत उरकून टाकतात. सिलिंडरच्या भिंतीवर साधारण ४५ अंशांत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा हव्यात. त्यात ऑइल धरून राहतं आणि रिंग घासून बसते. गुळगुळीत भिंतीवर ती बसतच नाही. शिवाय ६८ मिमी बोअरला रिंगच्या तोंडाची फट साधारण ०.२ ते ०.३ मिमी असावी आणि सगळ्या रिंगची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका. ही फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) स्वतः मोजा, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

मात्र गाडी हजारेक किलोमीटर चालली नसेल तर थांबा, नव्या रिंग अजून घासून बसत असतील. तोवर साधं मिनरल ऑइल ठेवा, सिंथेटिक नको. उभ्या गाडीत इंजिन तासन् तास चालू ठेवू नका. वेग बदलत, मध्यम लोड देत रस्त्यावर चालवा.